पूजेचा नकाशा

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा चांगला समज व्हायला नको. शालिकराम आमच्या साइटवर मेला आणि दोष उस्मानभाईंच्या माथी बसला. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि दीड वर्षाच्या वर मी तोंड उघडलं नाही. मी शेषराव, त्या कामाचा प्रोजेक्ट मॅनेजर. घर अकोल्याला, काम अमरावतीला. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, स्टेशनाबाहेर ठेवलेली मोटरसायकल काढायची आणि साइट गाठायची, असा माझा सहा वर्षांचा नेम होता.

काम एका शिक्षण संस्थेच्या वसतिगृहाचं. भातकुली रस्त्याला, तीन मजले, दोनशे मुली राहतील एवढं. त्याच आवारात संस्थेची जुनी शाळा चालू होती. भूमिपूजनाला संस्थेचे सगळे पदाधिकारी आले होते. नारळ, कुदळ, फावडं यांच्यासोबत गुरुजींनी नकाशांचा पूर्ण संचही चौरंगावर ठेवायला लावला. त्याला हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या, अध्यक्षांनी पहिल्या पानावर सही केली, त्यांचं पाहून बाकीच्यांनीही केली. सगळं आटोपल्यावर मी तो संच आमच्या सुपरवायझरच्या, म्हणजे उस्मानभाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "नीट ठेवा."

उस्मानभाईंना एखादी गोष्ट नीट ठेवा म्हटलं की संपलं. त्यांनी तो संच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वरून लाल कापड गुंडाळलं आणि साइट ऑफिसच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. बाकीच्या नकाशांचे आमच्याकडे जे हाल व्हायचे ते काही सांगण्यासारखे नाहीत. कुणी त्यावर डबा सोडायचा, कुणी खिडकीला ऊन लागतं म्हणून चिकटवायचा. पण पूजेच्या संचाला हात लावायच्या आधी उस्मानभाई हात धुवायचे. मी चेष्टा करायचो, "उस्मानभाई, नकाशाले हात लावासाठी बी नमाजासारखा वजू करता काय?"

"साहेब," ते म्हणायचे, "एवढ्या लोकायनं ज्याले हात जोडले, त्याले मी चुन्याच्या हातानं कसा लावू?"

कागद सांभाळायला साइटवर वेगळी व्यवस्था कधी लागते, याचा माझा एक ठोकताळा होता. कुठला कागद कुठे आहे हे एका माणसाच्या डोक्यात राहतं तोवर लागत नाही. आमच्याकडे ते डोकं उस्मानभाईंचं होतं. मी फोनवर विचारायचं, "खिडक्यांचा नकाशा?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "सिमेंटच्या कोठीत, दाराच्या मांगं, निळ्या पाइपात गुंडायून हाये." पाइपात सापडायचाच. साठीच्या घरातला माणूस, सातवी शिकलेला, पण बावीस वर्षांत त्यांनी एक नकाशा उलटा धरलेला मी पाहिला नाही. शालिकराम त्यांच्यासोबत पहिल्यापासून होता. तो भातकुलीचा, खोदकाम आणि पायाभरणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघं एकमेकांशी दिवसभर भांडायचे आणि दुपारी एकाच सावलीत डबे उघडायचे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग संस्थेनं मेसची वेगळी इमारत वाढवली. संडासाच्या टाकीची जागा बदलली. आधी नागपूरचा एकच आर्किटेक्ट नकाशे पाठवायचा. आता लोखंडाच्या हिशेबाचा माणूस वेगळा झाला, पाण्याच्या पाइपांचा वेगळा, आणि विजेचं काम अकोल्याच्या एकाकडे गेलं. जो तो ज्याच्या त्याच्या फोनवर नकाशे पाठवू लागला. साइटच्या नावानं व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, तो भरून वाहतो म्हणून मी दुसरा काढला. दुसऱ्यात उस्मानभाई नव्हते. त्यांचा फोन बटणांचा होता, पहिल्यातही त्यांचं नाव त्यांच्या मुलाच्या नंबरावर होतं.

आमच्याकडे ज्योत्स्ना नावाची ज्युनिअर इंजिनिअर होती. धामणगाव रेल्वे या गावची. बोलायला कमी, पण एकदा बोलली की आकडे घेऊनच बोलायची. जुलैत एक दिवस ती माझ्या टेबलावर पाच कागद मांडून उभी राहिली.

"सर, हा आवाराचा एकच नकाशा आहे. साइटवर त्याच्या पाच प्रती सापडल्या. पाचही वेगळ्या आहेत. तीन प्रतींवर तारीखच नाही."

"मंग जुने फेकून दे."

"जुना कोणता, हेच कळत नाही ना सर."

ती बसली. मी बस म्हटलं नव्हतं. म्हणाली, "मागच्या वर्षी एकच माणूस नकाशे पाठवत होता आणि एकच माणूस ते वाचत होता. तेव्हा चालून गेलं. आता चौघं पाठवतात आणि सहा जण वाचतात. शिवाय आता कामं जमिनीखालची आहेत. भिंत चुकली तर दिसते, पाडता येते. जमिनीखाली काय गेलं ते माती टाकल्यावर कुणालाच दिसत नाही. सर, आता एक खोली पाहिजे. एक रजिस्टर आणि एक माणूस, ज्याला दुसरं काम नाही. नवीन नकाशा आला की नोंद करायची, जुना परत मागून घ्यायचा आणि त्यावर रद्द मारायचं. एवढंच."

"ज्योत्स्ना, आपण वसतिगृह बांधून राहिलो. धरण नाही."

"धरणाला लागतं म्हणून वसतिगृहाला लागत नाही, असं थोडंच आहे सर?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे घरचे आणि साइटवरचे सगळे जाणतात. पण हा राग वेगळा होता. तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं. हेड ऑफिसला असली खोली मागायची म्हणजे काम माझ्या हाताबाहेर गेलं असं माझ्याच तोंडानं कबूल करायचं होतं. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते जड जातं. मी तिला म्हटलं, "लेखी दे, पाहतो." लेखी मागितलं की माणसं सहसा गप्प बसतात.

ती गप्प बसली नाही. दुसऱ्याच दिवशी दीड पानाचं पत्र दिलं, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. तिनं त्याची पोच मागितली नाही, कारण पोच द्यायला आमच्याकडे रजिस्टरच नव्हतं. मी ते पत्र वाचलं, घडी घातली, बॅगेत टाकलं आणि अकोल्याला घरी नेऊन कपाटात ठेवलं. डिसेंबरात तिला नागपुरात दुसरी नोकरी लागली आणि ती गेली.

जानेवारीत विजेवाल्यानं शाळेकडे जाणारी जमिनीखालची केबल बदलली. पूर्वी ती पूर्वेच्या कुंपणाच्या कडेनं जाणार होती. टाकीची जागा हलल्यामुळे आता ती मेसच्या मागून न्यावी लागली. एका रविवारी त्याची माणसं आली, केबल टाकली, वर विटा रचल्या, माती लोटली आणि गेली. बदललेला नकाशा माझ्या फोनवर आला. मी 'ओके' लिहिलं, दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि मनाशी म्हटलं, सोमवारी राजकमल चौकात जाणं होईल तेव्हा छापून आणू. सोमवारी संस्थेची मीटिंग निघाली. मंगळवारी विसरलो. नंतर ते डोक्यातून गेलंच.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. मूर्तिजापूर सुटलं होतं, गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती, आणि फोन वाजला. उस्मानभाई होते.

"साहेब, मेसच्या मांगं चेंबरचा खड्डा घ्याचा हाये. शालिकराम तयार हाये. पण नकाशे धा पडले इथं. याच्यात एक म्हणते, त्याच्यात दुसरंच म्हणते. कोन्ता धरू?"

"उस्मानभाई, मी गाडीत उभा हाओ."

"थांबतो मंग तुमी येतवर?"

थांबा, एवढा एक शब्द होता. पण त्या खड्ड्यावाचून पाइपवाल्याची माणसं दोन दिवस बसून होती आणि हेड ऑफिसनं आदल्या दिवशी मला त्यावरून बोलून घेतलं होतं. मी म्हटलं, "थांबता काहून? बावीस वर्षं झाले तुमाले. ज्याच्यावर भरवसा वाटते तो धरा अन् काम सुरू करा!"

"बरं साहेब," ते म्हणाले.

त्यांनी हात धुतले असतील. वरच्या फळीवरून लाल कापडातला संच काढला असेल. त्या धा कागदांच्या पसाऱ्यात हाच एक असा होता की ज्याच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, ज्याला कुणी कधी डबा टेकवला नव्हता, ज्याच्याविषयी कुणालाच शंका नव्हती. त्या नकाशात मेसच्या मागं केबल नव्हती. मेसही नव्हती. पण सांडपाण्याची मूळ लाइन होती, कुंपणापासूनचं अंतर मोजून तिच्यावरून चेंबरची जागा काढता येत होती, ती त्यांनी काढली आणि शालिकरामला आखून दिली. दोन-अडीच फुटांवर विटा लागल्या. साइटवर विटा कुठे लागत नाहीत? शालिकरामनं त्या बाजूला केल्या आणि लोखंडी सब्बल मारली.

मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. उस्मानभाई खड्ड्याच्या काठावर बसले होते. फळीनं त्याला केबलपासून सोडवताना त्यांचा उजवा हात भाजला होता, पण ते त्या हाताकडे पाहत नव्हते. मला म्हणाले, "साहेब, तो माह्या आखणीवर उतरला." थोड्या वेळानं दवाखान्यातून फोन आला, शालिकराम गेल्याचा.

कंपनीनं चौकशी नेमली. हेड ऑफिसातून तिघं आले आणि साइट ऑफिसातच टेबल मांडून बसले. टेबलावर पूजेचा संच उघडून ठेवला होता. पहिल्या पानावरचं कुंकू तपकिरी पडलं होतं. त्यातल्या एकानं उस्मानभाईंना विचारलं, "दोन वर्षांपूर्वीचा नकाशा तुम्ही काढलाच कसा?"

"मले तो खरा वाटला."

"कुणाला विचारलं होतं?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्याच खुर्चीवर होतो. मग ते टेबलाकडे पाहत म्हणाले, "नाई. माह्या मनानंच."

मला विचारलं, साइटवर कागदांची वेगळी व्यवस्था असावी असं यापूर्वी कुणी सुचवलं होतं का, काही लेखी वगैरे? मी म्हणालो, नाही. आवाज एवढा सरळ निघाला की मलाच नवल वाटलं. चौकशी तासाभरात संपली. ठपका एकाच माणसावर आला.

बाहेर नळावर मी उस्मानभाईंना गाठलं. विचारलं, फोनचं काहून नाही सांगितलं? मला वाटलं होतं, ते म्हणतील तुमची नोकरी वाचावी म्हणून. तसं म्हटलं असतं तर मी निदान त्यांच्या उपकाराखाली राहिलो असतो. पण त्यांच्या मनात तसलं काही नव्हतंच.

"त्याच्यात सांगाचं काय साहेब? तुमी म्हटलं, भरवशाचा धरा. भरवसा तं माहाच चुकला ना."

त्याच आठवड्यात ज्योत्स्नाचा नागपूरहून फोन आला. तिनं पेपरात वाचलं होतं. "सर, माझं पत्र चौकशीत दिलं ना?"

"कोन्तं पत्र?"

ती "बरं सर" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं मला कधीच फोन केला नाही. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं, हे तिलाही कळलं असावं.

आणि खोली झाली. आठ दिवसांत झाली. पत्र्याची, आत लोखंडी रॅक, रजिस्टर, रद्दचा शिक्का आणि नितेश नावाचा एक क्लार्क, ज्याला दुसरं काम नव्हतं. ज्योत्स्नानं जसं लिहिलं होतं अगदी तसंच. नितेश कुणालाही सहीशिवाय कागद देत नसे, मलासुद्धा नाही. तो पहिल्यांदा मला म्हणाला, "साहेब, आधी जुना परत करा," तेव्हा मी त्याच्यावर इतका ओरडलो की बाहेरचा मिक्सर बंद करून लोक पाहायला आले. त्या पोराला काय माहीत!

शालिकरामच्या घरी जे द्यायचं ते कंपनीनं दिलं. उस्मानभाईंना कामावरून कमी केलं. ते बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत घरी बसून राहिले. जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो, हे खरं आहे, पण त्याला काही किंमत नाही. ते खाटेवर बसले होते. भाजलेल्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. म्हणाले, "भातकुलीच्या एसटीत चार खेप बसलो साहेब. मैनाबाईच्या दाराशी जाऊन माफी मांगाची होती. फाट्यावर उतरतो अन् परत येतो. तोंडच होत नाई." मैनाबाई म्हणजे शालिकरामची बायको. मी म्हटलं, "जाऊ द्या उस्मानभाई, होनारं होते." त्यांच्या बायकोनं, खुर्शीदभाभींनी, चहा आणला. मी तो प्यालो, बशी खाली ठेवली आणि स्टेशनावर आलो.

ऑक्टोबरात ते गेले. छातीत दुखलं म्हणाले आणि चार दिवस दवाखान्यात होते, एवढंच. मातीला मी गेलो होतो. नमाजाच्या आधी त्यांच्या मोठ्या भावानं पुढे येऊन सगळ्यांना विचारलं, की जाणाऱ्यावर कुणाचा काही हक्क राहिला असेल, त्यानं कुणाला दुखवलं असेल, तर माफ करा. सगळ्यांनी माफ केलं म्हटलं. मीही म्हटलं. तिथे मी कुणाला माफ करत होतो?

पुढच्या वर्षी सप्टेंबरात, वसतिगृहाला रंग चालू होता तेव्हा, खुर्शीदभाभी साइटवर आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या.

"साहेब, एक काम हाये तुमच्यापाशी. ते गेले तवा मले सांगून गेले, का मैनाबाईची माफी घेजो. तिनं माफ केल्याबिगर मले कबरीत चैन नाई. मी दर मयन्याले जातो भातकुलीले. अकरा खेपा झाल्या. मैनाबाई मले बसोते, चहा पाजते, पोराबायाचं इचारते. पण तो एक शब्द नाई देत."

"काय म्हणते?"

"काही नाई म्हनत. मी म्हनतो, बाई, माह्या मानसाची चूक झाली, त्याले माफ कर. ते खाली पायते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी चला साहेब. तुमी मोठे. तुमच्या शब्दाले मान हाये. तुमी तिले सांगा का त्यानं जानूनबुजून नाई केलं. साल भरून राहिलं आता."

मी रविवारी येतो म्हणालो. शनिवारी घरी कपाट उघडलं. पत्र होतं तिथेच होतं. बायकोनं विचारलं काय शोधता, मी सांगितलं काही नाही. त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगायला पाहिजे. पुढे काय होणार हे मला ठाऊक आहे असं वाटत होतं. खरं सांगितलं की भाभींच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, मला चार शिव्या बसतील आणि संपेल. मी त्यांना काहीतरी द्यायला निघालो आहे, असंच मला वाटत होतं.

बडनेऱ्याहून आम्ही ऑटोनं गेलो. मैनाबाईचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर तथागतांची तसबीर आणि तिच्या बाजूला शालिकरामचा फोटो. मैनाबाईंनी चटई टाकली. भाभींना त्यांनी हाताला धरून बसवलं, मला नुसतं "या" म्हटलं.

"मैनाबाई," भाभी म्हणाल्या, "आज साहेब आले हायेत. तू मले नोको आयकू, साहेबाले आयक."

मैनाबाई माझ्याकडे न पाहता भाभींनाच म्हणाल्या, "भाभी, तुमच्यावर माहा राग नाई. उस्मानभाईनं माह्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या. पण माफ केलं म्हटलं का माह्या मानसाचं मरन मिटलं. मंग मी राग धरू कोनावर? कोनावर तं धरा लागन."

"माह्यावर धरा," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी पत्र काढलं आणि मैनाबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत होतं. मी सांगत गेलो. ज्योत्स्नानं जुलैत काय सांगितलं होतं, मी काय म्हणालो, केबलचा नकाशा कुणाच्या फोनवर आला आणि कुणी छापला नाही. फोनचं सांगितलं. थांबतो का, असं उस्मानभाईंनी विचारलं होतं हे सांगितलं. चौकशीत मी नाही म्हणालो, हेही. बोलताना मला हलकं वाटत होतं. लाज वाटावी इतकं हलकं.

मैनाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग तारखेवर बोट ठेवलं.

"हे तं ते मरायच्या सात मयने आधीचं हाये."

"हो."

"अन् तुमच्याच घरी होतं."

"हो."

"उस्मानभाई जिते होते तवा बी?"

"हो."

"तुमी त्यायच्या घरी गेलते तवा बी?"

मी मान हलवली. त्यांनी पत्राची घडी घातली आणि चटईवर ठेवलं. मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या, भाभींकडे पाहत होत्या.

भाभींचा चेहरा मी धरून चाललो होतो तसा झाला नाही. त्या एकाच जागी पाहत होत्या, मनातल्या मनात काहीतरी मोजत असल्यासारख्या. मी म्हणालो, "भाभी, उस्मानभाईची काहीच चूक नव्हती. आता माफी मांगाचं कामच नाही."

"त्यायची चूक नोती," त्या हळू म्हणाल्या.

"नव्हती."

"मी अकरा खेपा या दारात येऊन म्हटलं, माह्या मानसाची चूक झाली. मी म्हटलं साहेब. दुसऱ्या कोनी नाई म्हटलं. मोहल्ल्यात लोक म्हनत तवा मी भांडत होतो. अन् इथं येऊन माह्याच तोंडानं."

मैनाबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या. भाभींनी त्यांचा हात धरला, पण बोलत माझ्याशीच होत्या. आवाज चढला नव्हता.

"दवाखान्यात आखरीच्या दिवशी त्यायनं मले इचारलं. म्हने, खुर्शीद, तू खरं सांग, माहीच चूक होती ना? तिघं साहेबं मोठे होते, ते म्हनाले तं म्हनाले. मले त्यायचं नाई पायजे, तुहं पायजे. मी काय सांगू? सारी दुनिया तेच म्हनून राहिली होती. मी म्हटलं, होती. होती, पन अल्ला माफ करनारा हाये. त्यायनं डोये लावून घेतले. मंग बोललेच नाई."

मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मी त्यायले 'होती' म्हनून पाठोलं साहेब," खुर्शीदभाभी म्हणाल्या. "तुमी शिकलेले मानसं हाये. आता हे त्यायले कसं सांगू, ते मले सांगा."